आई नावाचं क्रियापद

कॅनडाला निघालो त्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर शीळफाट्याला गाडी पाऊण तास अडकलेली. तेवढ्यात मी आईच्या पुढच्या आयुष्याचं नियोजन उरकलं. "वर्षभरात तुझे कागद करतो. डोंबिवलीचं घर विकून टाकू. तू कायमची तिकडेच ये." आई पुढच्या टेम्पोमागची अक्षरं वाचत म्हणाली, "बघू." मी तो होकार समजलो. मागे राहिलेल्यांनो, हसा खुशाल. माझ्यासारखे निघून आलेले गुपचूप हसतील, कारण त्यांनीही हेच केलंय.

आता मी इथे, क्यूबेकला. शेजारीच वेंडाट या इथल्या मूळ रहिवाशांचं गाव आहे. त्यांची भाषा शंभराहून जास्त वर्षं कुणाच्या तोंडी नव्हती. जुन्या पाद्र्यांनी लिहून ठेवलेल्या कोशांतून ते ती पुन्हा शिकतायत. संध्याकाळचा वर्ग शेजाऱ्यांनाही खुला, म्हणून मीही गेलेलो. गंमत अशी, की त्यांचं क्रियापद एकटं म्हणून घराबाहेर पडत नाही. कोण करतंय आणि कोणाला करतंय, हे सांगणारा एक तुकडा त्याच्या पुढे चिकटलेलाच असतो. 'आम्ही' आणि 'आपण' यांचे तुकडेही वेगवेगळे. फ्रेंच मंडळी तिथे घाम पुसत होती आणि मी डोंबिवलीकर ऐटीत त्यांना समजावत होतो. बाईंनी कौतुकाने मला पहिल्या बाकावर बसवलं. तिथूनच आपटलो.

गृहपाठ होता: आईबद्दल एक वाक्य. वेंडाटमध्ये आई हेसुद्धा क्रियापद! त्यात करणारी बाजू नेहमी थोरल्याची, म्हणजे आईची. धाकट्याने नुसतं करून घ्यायचं. मी बिनधास्त उलटा तुकडा लावून नेलेला. करणारा मी, आणि आई माझ्या ताब्यात. सत्तरीच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाळा, तू काय करतोस तिला?"

मी छाती काढून सांगितलं: कागद, तिकीट, घराला गिऱ्हाईक.

"तिने मागितलं?"

घरी येऊन फोन लावला. तिकडे सकाळ, आई चहा गाळत होती.

"आई, तुला यायचंय का गं इकडे?"

"दोन वर्षांनी सुचलं होय रे विचारायला! तीन महिने येईन, पाहुणी म्हणून. घर विकायचं नाही. तुझं ते गिऱ्हाईक मी कधीच पिटाळलंय."

उन्हाळ्यात आली. दर वर्गाला माझ्या शेजारी बसून शब्द गिरवत राहिली. एकदा बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून "हा कोण?" विचारलं, तर मी भाषांतर करायच्या आत तिने एका शब्दात, अचूक तुकड्यासकट, मला आपलं लेकरू करून टाकलं. टाळ्या पडल्या! माझा उच्चार मात्र बाई अजून दुरुस्त करतायत.

आता ती परत डोंबिवलीत. परवा तिने दाराला झगझगीत मोरपिशी रंग लावून घेतला आणि फोटो पाठवला. मला मुळीच आवडला नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं. घरी पोचल्यासारखं वाटलं.