ओढ्यातलं खाचर

आमची भातखाचरं धरणाखाली बुडाली, तेव्हा आजोबांनी औंढ्याच्या डोंगरातल्या नुसत्या दगडगोट्यांच्या ओढ्याला आडवा ताल, म्हणजे दगडांचा बांध, घातला. पावसात वाहून येणारी माती त्या बांधामागे साचायची. मग उन्हाळ्यात दगडांचा एकच थर वर चढवायचा. हाव धरून जास्त चढवला, तर लोंढा सगळा ताल घेऊन जायचा.

लोक हसायचे. "आबा, हितं भात कवा पिकायचा?"

आजोबा म्हणायचे, "दगड आमी लावतो, माती देव आणतो. त्याला घाई न्हाई, मग मला कशाला?"

ते गेले तेव्हा तिथं कुळीथसुद्धा धड उगवत नव्हता. वडिलांनी मात्र एकही उन्हाळा चुकवला नाही.

माझ्या लग्नाच्या साली तिथं पहिला आंबेमोहोर पिकला. लग्नात तोच भात वाढला. हसलेली माणसं मान खाली घालून जेवत होती, आणि मला त्यांची जराही दया आली नाही.

अंगाची हळद उतरायच्या आत वडील आम्हा नवराबायकोला ओढ्यावर घेऊन गेले. खाचराच्या खालच्या अंगाला त्यांनी नवा ताल आखला होता.

"पहिला धोंडा तुमी ठेवा," ते म्हणाले.

आम्ही ठेवला. कुणासाठी, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.