बोलावलेले देव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलमध्ये आमचा चौघांचा रॉक बँड होता. बंद पडलेल्या भातगिरणीत सराव चाले. गाणी मराठीत होती आणि ती मी लिहीत असे. त्यांत संदर्भ भरपूर असत. शिरढोणच्या क्रांतिकारकाचा एडनचा तुरुंग, चिरनेरचा जंगल सत्याग्रह, पिंडाला न शिवणारा कावळा. गणेशोत्सवात श्रोत्यांना संदर्भ ओळखू आला की टाळी पडे. आमच्या गायकाला त्या टाळीचा कंटाळा आला होता. हे सगळं शाळेतलं आहे, तो म्हणे, एक गाणं घरातलं हवं.

त्याचं घर उरणच्या रस्त्यावरच्या आगरी गावात होतं. आई धवलारीण. लग्नात ती गाऊन एकेका देवाला नावाने मांडवात बोलावी, तांदळाच्या चौकावर बसवी आणि लग्न लागल्यावर गाऊनच त्यांची पाठवणी करी. या गाण्यांना धवले म्हणतात. बोलावण्याचा धवला गायकाला आमच्या गाण्यात हवा होता. गिटार थांबेल, आईचा आवाज येईल, मग पुन्हा गिटार.

त्याच वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. दाखल होण्याची तारीख दिवाळीनंतरची, पण तुळशीच्या लग्नाआधीची मिळाली. त्याआधी गावात एकही लग्न नव्हतं, आणि लग्नाशिवाय धवला गायला ती तयार नव्हती. आलेले देव बसतील कुठे, असं ती विचारी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गायकाने घराच्या अंगणात तुळशीभोवती ऊस उभे केले, आंब्याचे टहाळे बांधले आणि आम्हाला टेपरेकॉर्डर घेऊन बोलावलं. आई ओटीवरून बघत होती.

"तुलशीचा दिवस देवाचा हाय, बाला. तुज्या टेपचा नाय."

"आये, त्या दिवशी तुजा आवाज नसंल."

ती आत गेली, सुपात तांदूळ घेऊन आली आणि चौक मांडायला बसली. आम्ही टेप सुरू केला.

आवाज घोगरा होता, पण सूर पक्का होता. गावदेवीला तिने बोलावलं, वेशीवरच्या देवाला, मग खाडीला. आवाज ऐकून शेजारच्या बायका आल्या आणि आज कुणाचं लग्न म्हणून एकमेकींना विचारू लागल्या. मिठागरावरच्या देवाचं नाव घेताना तिला खोकला आला. पदराला रक्त लागलं. तिने दोनदा सुरुवात करून पाहिली. शब्द फुटला नाही. गायकाने टेप बंद केला, तेव्हा ती चौकाकडे बोट दाखवून कुजबुजली, "आता यांना परत कोन धाडील?"

पाठवणीचा धवला ती गाऊ शकली नाही. ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

घरी परतल्यावर तिने मांडव काढू दिला नाही. गायक आजूबाजूच्या गावांतल्या धवलारणींकडे जाऊन आला. सगळ्यांनी एकच सांगितलं. जिने बोलावलं तिनेच पाठवायचं. पाठवणीचे शब्द त्याला येत नव्हते. पुरुष ते शिकत नसत. आईला लिहिता येत नव्हतं.

मग तो माझ्याकडे आला. तू एवढं वाचलं आहेस, म्हणाला, पाठवणीचं कडवं लिहून दे. मी ऐकीव ओव्यांच्या धाटणीवर आठ ओळी लिहिल्या. खाडी, मीठ, वेस, सगळं त्यांत होतं. त्याने त्या अंगणात बसून आईला वाचून दाखवल्या. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याच्या तोंडावर हळूच हात ठेवला.

"दुसरं लिही," तो मला म्हणाला.

मी लिहिलं. त्याचंही तेच झालं. पुढेही काही महिने तो मागत राहिला आणि मी लिहीत राहिलो. ऊस वाळून वाकले होते. सकाळी गेलं की ती चौकावरचे कालचे तांदूळ उचलून नवे ठेवताना दिसे.