उभं राहायची सवय

विमानतळावर बाबा मला सोडायला आले तेव्हा तिरके उभे होते. समोर मी, मागच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा भलामोठा फोटो. त्याच्याकडे पाठ होऊ नये म्हणून बिचाऱ्यांनी मला धड जवळही घेतलं नाही. "पोचलास की फोन कर," म्हणाले. मग अगदी हळू, "फोनवर त्यांच्याबद्दल काही बोलू नकोस."

साखर कारखान्यातल्या नोकरीसाठी बाबा सांगलीहून आफ्रिकेत गेले होते. त्या कारखान्याच्या कॉलनीत, मित्रांनो, आपण सगळे वाढलो. तुमच्यातले काही अजून तिथेच आहेत, बाकीचे माझ्यासारखे पांगले. तुम्हाला ते नियम आठवत असतीलच. घरात राष्ट्राध्यक्षांचा फोटो सगळ्यात वर लावायचा आणि टीव्हीवर ते दिसले की उठून उभं राहायचं. पक्षाची माणसं घरोघरी येऊन भिंती बघून जायची. आमचा गणपती त्या फोटोच्या खाली होता. आई म्हणायची, "खाली असला तरी दिवा मी त्यालाच लावते."

हा माणूस मुळात रेल्वे कामगारांचा पुढारी, गोऱ्यांच्या तुरुंगात राहून आलेला. सुरुवातीला त्यानं शाळा काढल्या, हेही खरं. मग खुर्ची सोडवेना. घटना बदलली, विरोधक गायब झाले आणि दिसेल त्या इमारतीला त्याचं नाव लागलं. आपल्या हॉस्पिटललाही. प्रत्येक वॉर्डात त्याचा फोटो आणि भूल द्यायला डॉक्टर नाही! आईचं अपेंडिक्स त्या फोटोखाली फुटलं, ती गेली, आणि बाबांनी मला जर्मनीत शिकायला पाठवलं. पुढे त्याच्याच सैन्यानं त्याला हाकललं. पण तुम्हीच कळवता ना, की मंत्री त्याचेच आहेत आणि हॉस्पिटलवर नावही तेच आहे. किळस येते.

मी ब्राउनश्वाइगला शिकलो, इथेच नोकरी धरली, इथेच वोनुंग, म्हणजे राहती जागा, घेतली. बाबा निवृत्त होऊन सांगलीला परतले. उन्हाळ्यात आमच्याकडे येतात.

परवा जेवताना तोच माजी राष्ट्राध्यक्ष बातम्यांत दिसला. इलाजासाठी जर्मनीत आलाय म्हणे, कुठल्याशा खासगी क्लिनिकमध्ये. व्हीलचेअर, मागे नर्स, पुढे फुलं. आणि बाबा ताट बाजूला ठेवून उभे राहिले. ज्याच्या हॉस्पिटलात बायको गेली त्याच्यासाठी! मला शिसारी आली. त्याची तर आलीच, पण क्षणभर बाबांचीही. "बसा हो बाबा!" मी ओरडलो. बातमी संपेपर्यंत ते बसले नाहीत. मग मान खाली घालून म्हणाले, "पायच ऐकत नाहीत रे."

माझ्या मुलीला, रेवाला, मराठी सगळं समजतं, पण ती बोलते जर्मनमध्ये. "वारुम?" तिनं विचारलं. आजोबा का उभे राहिले ते मी तिला सांगितलं. आजी कशी गेली तेही सांगितलं, काही न लपवता.

काल पुन्हा तीच बातमी लागली. बाबांचा हात सोफ्याच्या कडेवर गेला. रेवानं आपली वरणभाताची ताटली उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली. "आजोबा, हाल्ट माल," म्हणाली, म्हणजे जरा धरा, आणि त्यांच्या खांद्याला रेलून बसली. टीव्हीवर तो हात हलवत होता. बाबा दोन्ही हातांनी ताटली धरून बसले होते.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की इतकी वर्षं मी अडखळायचो. सांगली म्हणू, की कॉलनी? आता सांगेन, जिथे माझे बाबा बसून राहिले ते.