सावद्याची बुटकी केळ

सरकारी नोकरीत दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात! एक सांगायला घ्यावा, तर दुसरा "आधी मी" म्हणून पुढे घुसतो.

मी पिंप्राळ्याचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी सावद्याजवळच्या सरकारी केळीच्या मळ्यावर मदतनीस होतो. आमचे साहेब करंदीकर. अंगानं काडी, आणि डोक्यात केळीशिवाय काही नाही. त्यांनी कुठून कुठून रोपं आणून एक बुटकी केळ इथल्या मातीत रुळवली होती. झाड माझ्या खांद्याला, पण घड असा की दोन हातांनी उचलावा. पुण्याच्या बड्या साहेबांनी मात्र बजावलं होतं, "मृगापर्यंत गावानं हे बेणं लावलं तर ठीक, नाहीतर मळ्याला कुलूप!"

आणि गाव काय करत होतं? हसत होतं.

*

हसणाऱ्यांचे पुढारी तोताराम आबा. त्यांची बाग आमच्या कुंपणाला लागून, केळी दोन पुरुष उंच. एकदा बांधावरून त्यांनी साहेबांना हाक मारली.

"साहेब, हे केळ हाये का कांदा?"

साहेब समजावू लागले. उंच झाडाला टेकू लागतो, बुटक्याला लागत नाही, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक हाये. पण लग्नात मांडवाच्या दाराले केळीचे खांब लागतात. तुमचे खांब बांधले तं नवरदेव काय रांगत येईन?"

सगळा बांध हसला. साहेबही हसले, पण उत्तर देऊनच. "नवरदेव एक दिवस वाकेल, आबा. सासरा वर्षभर ताठ चालेल!"

"माह्या पोरीचा नवरदेव वाकाचा नाही," आबा म्हणाले आणि निघून गेले.

*

मग साहेबांनी मुनवे फुकट वाटले. मुनवे म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं, तीच लावायची. महिन्याभरानं आम्ही सायकलींवरून पाहणीला निघालो. पहिलं शेत विठोबानानांचं. केळीचा पत्ता नाही!

"नाना, बेणं कसं काय?"

नाना एकदम खुशीत. "एक नंबर, साहेब! म्हशीनं बुडासगट खाल्लं. दूध बी वाढलं!"

साहेब सायकलवर बसले. मळ्याचं फाटक आल्यावर मला म्हणाले, "दुधाचं रिपोर्टात लिहायचं का रे?"

*

आमच्या बाजूनं गावात एकच माणूस, भोमराज शेठ. मारवाडातून आलेलं घराणं, केळीचा व्यापार. मळ्यावरचे पहिले घड त्यांनी वॅगनमध्ये भरून दिल्लीला पाठवायचं ठरवलं आणि स्वतःही मागोमाग गेले. साहेबांनी प्रत्येक घडाभोवती वाळकी पानं स्वतःच्या हातानं गुंडाळली. वॅगन भुसावळला अडकली, तसे साहेब रोज स्टेशनवर चकरा मारू लागले. "पिकून चिखल झाला असेल रे," एवढंच म्हणत होते.

शेठ परतले तेव्हा सावदा स्टेशनवर अर्धं गाव जमलेलं. माल नासला हे ऐकायला! शेठनी आधी पगडी नीट केली, मग पाणी मागितलं, मग घोटभर प्यायले.

"माल?" साहेबांनी विचारलं.

"उतरता उतरता खपला, साहेब! और एक बात. दिल्लीत कोणी झाडाची उंची विचारली नाही!"

साहेबांनी भर फलाटावर शेठना मिठी मारली. गाव गुपचूप पांगलं. बेणं मागायला मात्र कोणी आलं नाही.

*

मग वैशाखातलं ते वादळ. एका दुपारी असा वारा सुटला की आमच्या ऑफिसची कौलं आबांच्या शेतात गेली. वारा थांबल्यावर बघतो, तर आबांची सगळी बाग टेकूंसकट आडवी! मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. वर्षाची मेहनत होती ती.

आमची केळी फाटक्या पानांनिशी पण घडासकट उभी. आबा कुंपणाशी आले, आमची झाडं न्याहाळली.

"वाऱ्याले दिसलीच नसतीन," ते म्हणाले.

साहेबांनी लगेच विचारलं, "आबा, नेता का मुनवे?"

आबांनी नकारार्थी मान हलवली. इतके दिवस हसलेला माणूस हात कसा पसरणार? बाकीच्यांचंही तेच. मृग तोंडावर आला, बडे साहेब यायचा दिवस ठरला, तरी एक माणूस फाटकातून आत येईना. साहेबांकडे बघवत नव्हतं. त्यांनी पेट्या बांधायला घेतल्या.

*

बडे साहेब यायच्या दिवशी सकाळी आमचा राखणदार भिका धावत आला. धुळ्याकडचा गडी, रडकुंडीला आलेला. "साहेब, बठ्ठं गयं! एक बी मुनवा नही शे!"

जाऊन बघतो, तर प्लॉटभर नुसते खड्डे. मोठ्या झाडाला धक्का नाही, घडाला हात नाही. मुनवे तेवढे व्यवस्थित खणून नेलेले. भिकानं आम्हाला सांगायच्या आधीच फौजदारांना वर्दी दिली होती, त्यामुळे फौजदार गावात आणि बडे साहेब मळ्यावर एकाच वेळी हजर! बडे साहेब खुर्चीत बसले, कुलपाचा हुकूम काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "करंदीकर, बेणंही सांभाळता येत नाही?"

करंदीकर खड्ड्यांकडे बघत बसले होते.

दुपारी फौजदार मळ्यावर आले. मिशीला पीळ, छाती पुढे.

"साहेब, चोरी उघडकीला आली! माल गावभर सापडला. ज्याच्या त्याच्या शेतात लावलेला. तोताराम आबांनी तर बांधापर्यंत लावलाय. हुकूम द्या, आत्ता उपटून आणतो!"

बड्या साहेबांनी टेबलावरचा हुकूम उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

करंदीकर साहेब मात्र ताडकन उठले. "खबरदार, एका मुनव्याला हात लावाल तर! आधी जा आणि चोरांना सांगा, फार खोल लावू नका म्हणावं. आणि आज संध्याकाळीच पाणी द्या!"