तेलाची पावलं

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या रांगेत भिवाईदेवीचा सुळका. चैत्री पुनवेला त्याच्या माथ्यावर नवं निशाण लावायचा मान कौतिकच्या घराण्याचा. मान कसला, जिवाशी खेळ! दोर नाही, खिळा नाही, कपारीत बोटं घालायची नि चढायचं. त्यात अट अशी, की कातळाला हात लागला की निशाण रोवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मागे फिरायचं नाही. पागोटंसुद्धा पायथ्याशी ठेवायचं. अंगावर लंगोटी नि पाठीला बांधलेलं निशाण, बस्स.

एकोणीसशे एकतीस साली कौतिकची ती अकरावी चढण. बायकोला, ताईबाईला, सातवा महिना. सकाळी नवऱ्याचे पाय धुताना टाचांच्या भेगा पाहून तिला भडभडून आलं. वाटीभर तिळाचं तेल तिनं त्या भेगांत जिरवलं. वेडी माया, दुसरं काय! आणि हा बाबाही सुखानं पाय पसरून बसला.

अर्ध्या कड्यापर्यंत काही कळलं नाही. मग ऊन चढलं, कातळ तापला, नि जिरलेलं तेल घामाबरोबर तळव्यांना उतरलं. डावा पाय सर्रकन निसटला, पाठोपाठ उजवा. कौतिक नुसत्या बोटांवर लोंबकळला. खालून बायकांची किंकाळी आली. तिच्यात ताईबाईचा आवाज त्याला वेगळा ऐकू आला.

कसंबसं एका वीतभर कपारीवर त्यानं बूड टेकलं. तळवे कातळावर घासले, तेल जाईना. लंगोटी घामानं चिंब. माती म्हणाल तर चिमूटभर नाही. वर अजून दहा पुरुष उंचीचा उभा चढ, तोही गुळगुळीत. कोरडं कापड एकच होतं, पाठीवरचं देवीचं निशाण.

अरे देवा! देवीच्या निशाणाला पाय पुसायचे? पण पोर बिनबापाचं जन्माला येईल, हे काही त्याच्यानं सोसवेना. 'माये, पदरात घे,' असं मनात म्हणत त्यानं पाठीवरून निशाण सोडून घेतलं नि त्याला दोन्ही तळवे रगडून पुसले. रडत रडत पुसले हो. मग चढला, निशाण रोवलं, जुनं घेऊन धडधाकट खाली आला. ताईबाई जिवाला लावून घेईल म्हणून तिला मात्र चकार शब्द बोलला नाही.

पुढच्या चैत्रात तेच निशाण त्यानं उतरवून आणलं. त्याची चिंधी तान्ह्या लेकरांच्या मनगटाला बांधायची गावाची रीत. कापडावर दोन तेलकट पावलं पाहून म्हातारे वनाआबा गहिवरले, "देवी उभी राहिनी व्हती यानावर!" झालं, सगळं गाव पाया पडलं. कौतिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडेवर लेक घेऊन उभ्या असलेल्या ताईबाईच्या कानाशी तो पुटपुटला, "हाऊ डाग मान्हा पायना शे. तू लावेल तेल."

ताईबाईचा चेहरा पांढराफटक पडला. घटकाभर ती नवऱ्याच्या टाचांकडे बघत राहिली. मग नेमका तो डागाचाच तुकडा तिनं टरकन फाडून घेतला.

"मंग हाऊच बांधा," ती म्हणाली, "देवीना पाय कोणी देखात? तुमना पाय मातर घर परत उनात."

आणि लेकीचं मनगट तिनं त्याच्यापुढे धरलं.