रस्त्यात ओळख न देणारे बापूसाहेब

बापूसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्यावर अटकेचे वॉरंट होते. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी की नाही, यावर मी तीन दिवस विचार केला. पण संपादकांनी परिचय कसा झाला ते लिहायला सांगितले आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याही रीतीने झालेला नाही.

मी तेव्हा मेहकरला छापखाना चालवीत होतो. खरे तर बुडवीत होतो. कागदाच्या व्यापाऱ्याने माझ्यावर हुकूमनामा मिळवला होता आणि मला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तयारी केली होती. कोणीतरी नाव सुचवले म्हणून एस.टी.ने बुलढाण्याला बापूसाहेब वकिलांकडे गेलो. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "घरी सांगतलं काय?"

"नाही."

"मंग आधी मंडळीले सांगा. कोर्टाचा कागद त्यानंतर."

नादारीचे अर्ज हे बापूसाहेबांचे आयुष्यभराचे काम. देणे फेडता न येणाऱ्याने आपली सारी मालमत्ता आणि सारी देणी न्यायालयापुढे प्रामाणिकपणे मांडली, तर न्यायालय त्याला काही मुदतीपुरते संरक्षण देते. त्या मुदतीत धनको त्याला अटक करवू शकत नाही. शिंपी, दुकानदार, मोटारमालक अशा कितीतरी जणांना बापूसाहेबांनी हा श्वास मिळवून दिला. ज्याच्याकडे काही उरलेलेच नाही त्याच्याकडून फी कसली मिळणार? म्हणून इतर वकील या कामाला हात लावीत नसत.

यादीच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. माझी यादी लिहून झाल्यावर त्यांनी तीनदा विचारले, "अजून काय राह्यलं?" तिसऱ्यांदा मी कबूल केले की कॉलेजात मिळालेले चांदीचे पदक आहे.

"अहो बी.ए., मंग ते काऊन नाही लिहिलं? तुमच्या हुशारीले कोर्ट हात लावत नाही. चांदी तेवढी लिहा."

संरक्षणाचा हुकूम मिळाला आणि दारावर वसुलीसाठी येणारी माणसे थांबली. त्यांच्याबरोबर इतरही थांबली. दुपारभर कडी वाजत नसे. त्या दिवसांत मला सर्वांत जवळचे वाटणारे गृहस्थ बापूसाहेब होते. महिन्याभराने ते बुलढाण्याच्या बाजारात समोरून आले. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान वळवली आणि एका कंदिलाच्या दुकानाकडे बघत निघून गेले. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिले, "काम झाले, ओळख संपली." पुढे डोणगावला शिक्षक झालो, देणी फिटली, तरी बापूसाहेब घमेंडी आहेत असे मी सांगत राहिलो. किती जणांना सांगितले, ते आता आठवत नाही, याचीच लाज वाटते.

गेल्या वर्षी या ग्रंथाच्या कामासाठी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे जुने कारकून गुलाबराव तिथे बसले होते. मी भीत भीत बाजारातली गोष्ट काढली. गुलाबराव हसले. "अहो, साहेब कोणालेच ओळख देत नाहीत रस्त्यात. नादारीच्या वकिलानं हात जोडले, की सारा बाजार समजते, या माणसाचाही अर्ज पडला."

"गुलाबराव, चूप बसा," बापूसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "त्या दिवशी तुमच्यासंगं तुमचे सासरे होते."

होते. मी विसरलो होतो.

त्यांच्या पत्नी वारल्यापासून बापूसाहेब संध्याकाळी एकटेच फिरायला जातात, खाली मान घालून. ज्यांची अब्रू त्यांनी राखली, तीच माणसे त्या रस्त्याने येतात-जातात. कोणी थांबत नाही, कारण त्यांनीच तशी सवय लावली आहे. या ग्रंथासाठी मी जुन्या पक्षकारांना पत्रे लिहिली. तिघांची उत्तरे आली. तिघांनीही लिहिले, नाव छापू नका. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

मी लिहिणार आहे हे कळल्यावर बापूसाहेब रागावलेच. "तुमच्या पोरीचं लग्न जमून राह्यलं न? मंग हे कायले? वकील बरा होता, एवढं लिहा अन् मोकळे व्हा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. व्याही होऊ घातलेली मंडळी बुलढाण्याचीच आहेत, हा ग्रंथ त्यांच्या हाती पडणार. हा मजकूर घरी वाचून दाखवला तेव्हा पत्नीने कागद मागून घेऊन तो स्वतः एकदा वाचला. मग म्हणाली, "लिहायचं तर नाव पूर्ण लिहा. नाही तर पाठवूच नका." मुलीने फक्त मान हलवली. तिच्या मनात काय आहे, हे मला अजून नीटसे कळलेले नाही. तरी लेख पाठवतो आहे, पूर्ण नावासह.

बापूसाहेबांना पंचाहत्तरी पूर्ण होत असताना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, संध्याकाळचे फिरणे अनेक वर्षे चालो, असे मनापासून इच्छितो. आणि त्यांच्याकडे एक मागणेही आहे. यापुढे भर बाजारात मी नमस्कार केला, तर त्यांनी थांबावे. माझ्यापुरते आता झाकून ठेवण्यासारखे काही उरलेले नाही.