जानरावांनी नावं ठेवलेलं शहर

फ्रँकफर्ट म्हणजे काहीच नाही, असं छातीठोकपणे सांगणारा अमरावतीत एकच माणूस आहे आणि तो म्हणजे कृषी केंद्राचे मालक जानराव. दुकानात माणूस येतो कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी औषध मागायला आणि जाताना जर्मनीतल्या बँकांची उणीदुणी ऐकून जातो. इमारती कसल्या, काचेची कोठारं. नदी कसली, नाला. जेवण म्हणजे पाव आणि पावाबरोबर पुन्हा पाव. जानराव हे सगळं गल्ल्यावर बसून, तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारत सांगतात आणि ऐकणारा मान डोलवतो, कारण औषधाची बाटली अजून जानरावांच्याच हातात असते.

चांगलं काय, कोणीही म्हणतं. नाक मुरडायचं तर मात्र ती वस्तू आधी पाहिलेली असावी लागते, असा लोकांचा भाबडा समज असतो. जानरावांनी तो बरोबर हेरला होता. त्यामुळे परदेशाहून आलेले बाकीचे लोक तिकडची तारीफ करत सुटतात, तसं जानरावांनी कधी केलं नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून नावं ठेवायला सुरुवात केली आणि पंचक्रोशीत त्यांचं वजन वाढलं.

दुकानामागेच घर. मधल्या दारातून गोदाबाईंना हे सगळं ऐकू येई. त्या जानरावांची बायको, आणि जानरावांनी फ्रँकफर्ट पाहिलेलंच नाही हे माहीत असलेलं वऱ्हाडातलं एकमेव माणूस. त्या भाजी निवडत राहत. पण त्यांना किळस यायची, अगदी जेवताना केस निघाल्यावर येते तशी.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीनं जास्तीत जास्त पाकिटं खपवणाऱ्या दुकानदारांना जोडप्यानं परदेश दौरा दिला. कंपनीचा हातही आखडताच. एकच शहर, दोनच दिवस, आणि मुक्काम विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलात. हॉटेलातून निघायचं, एक झाकलेला पूल ओलांडायचा की विमानतळ. बरोबरचे सगळे दुकानदार मराठवाड्यातले होते, अमरावती-अकोल्याचं कोणीच नव्हतं. हे पुढे जानरावांच्या फार पथ्यावर पडलं.

पहिल्या दिवशी कंपनीचा पोरगेला गाइड सगळ्यांना विमानतळाखालच्या स्टेशनात घेऊन गेला. चौथ्या स्टेशनावर उतरायचं, असं त्यानं दोन-दोनदा सांगितलं. गाडी आली तेव्हा जानराव त्याची हजेरी घेत होते, की आम्ही कंपनीचे पाहुणे आहोत, आमच्यासाठी बस करायला काय झालं होतं. बाकीचे चढले. गाइडही चढला. दारं आपोआप मिटली आणि फलाटावर जानराव आणि गोदाबाई राहिले. गाइडचा फोन आला, की काही बिघडलं नाही, मागची गाडी धरा, मी तिथं उभाच आहे.

मागची गाडी आली. दारं उघडली. गोदाबाईंनी पाय पुढे टाकला आणि त्यांचा दंड मागून घट्ट धरला गेला. त्यांनी वळून पाहिलं तर जानरावांचा चेहरा पांढरा पडलेला. तपासणीला आलेल्या कृषी अधिकाऱ्याला दुकानाच्या पायरीवरच गप्प करणारा हा माणूस. त्याला वाट दाखवणारं कोणी सोबत नसताना परक्या गाडीत चढायची भीती वाटत होती. आपण चुकलो तर विचारायचं कोणाला आणि कोणत्या भाषेत, या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गाडी निघून गेली. गाडी पार दिसेनाशी झाल्यावर जानरावांच्या जिवात जीव आला आणि जिवाबरोबर तोरा.

"काय पाहाचं हाय थ्या शहरात," ते म्हणाले.

तो दिवस दोघांनी विमानतळावर काढला. जानरावांनी एक बाकडं धरलं, घरून आणलेला चिवडा काढला आणि काचेतून दिसणाऱ्या विमानांना नावं ठेवली. शहराचं नाव लिहिलेल्या पाटीखाली फोटो मात्र काढून घेतले. चांगले दहा-पंधरा, गॉगल लावून आणि गॉगल काढून. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून खुणेनं फोटो काढायला सांगताना त्यांना भाषेची अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यांनी अंगात कसकस आहे असं जाहीर केलं. गाइड पोरगा भला होता. त्यानं गोदाबाईंच्या हातात दोन तिकिटं दिली, दिवसभर कोणत्याही गाडीला चालतील म्हणाला. काकांना बरं वाटलं तर दुपारून या. काका खोलीत गेले, रजई तोंडावर ओढली आणि घोरायला लागले. ताप असलेलं माणूस असं घोरत नाही.

गोदाबाई पलंगाच्या कडेवर बसून ते घोरणं ऐकत होत्या. त्यांना राग आला, आणि हा राग कालचा नव्हता. लग्न होऊन अमरावतीला आल्यापासून त्या एकट्या कुठं गेल्या नव्हत्या. वर्षातून एकदा रिद्धपूरची यात्रा, तेही गल्लीतल्या बायांबरोबर. गावातल्या गावात अंबादेवीला जायचं तरी जानराव विचारत, कोण आहे सोबत, किती वेळ लागेल. आणि आता जगाच्या दुसऱ्या टोकाला आणून हा माणूस त्यांना खोलीत बसवून झोपला होता. त्यांनी लुगड्यावर स्वेटर चढवला, डोक्याला रुमाल बांधला, दौऱ्यासाठी घेतलेले बूट घातले आणि एक तिकीट उचलून पूल ओलांडला.

चौथं स्टेशन मोजायला काही शाळा शिकावी लागत नाही.

शहर त्यांनाही काही फार आवडलं असं नाही. खोटं कशाला बोला. स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या फुटपाथवर नशा करून पडलेली माणसं दिसली. एकानं तर दंडातच सुई खुपसून ठेवली होती. आणि त्यांच्या डोक्यावर त्या बँका, मान मोडेल इतक्या उंच. एवढा पैसा वर आणि दारात ही दशा, गोदाबाईंनी मनातल्या मनात त्या शहराचा निकाल लावला. पुढे नदी लागली. नदीवर लोखंडी पूल, आणि पुलाच्या कठड्याला हजारो कुलपं अडकवलेली, लहान मोठी, गंजलेली. या लोकांकडे लावायला दारं कमी पडतात की काय, असं त्यांना वाटलं. काही असो, त्या मात्र पुलाच्या मधोमध बराच वेळ उभ्या राहिल्या. वारा गार होता. नाकातून पाणी येत होतं. त्यांना कोणीही, चला, उशीर झाला, असं म्हणत नव्हतं.

परतताना त्या चुकल्या. पुलाच्या भलत्याच टोकाला उतरल्या आणि दोन वळणांनंतर ना नदी दिसेना ना बँका. शेवटी भाजीची चाकाची पिशवी ओढत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी अडवलं आणि एवढंच म्हटलं, एअरपोर्ट. बाईनं हातानं दिशा दाखवली, गोदाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, काय वाटलं कोणास ठाऊक, पिशवी वळवली आणि सोबत चालायला लागली. स्टेशनापर्यंत आली. हसली नाही, काही विचारलं नाही, नमस्कार घ्यायलाही थांबली नाही. कोरडं माणूस, पण कामाचं. गोदाबाई हॉटेलात पोचल्या तेव्हा जानराव जागे होत होते. त्यांनी डोळे चोळत चहाचं विचारलं.

गोदाबाईंनी सांगितलं नाही. आधी भांडण नको म्हणून, आणि पुढे पुढे सांगावंसंच वाटेना. ती एक दुपार त्यांची एकटीची होती. ती जानरावांच्या तोंडी पडून चघळली जावी, हे त्यांना नको होतं. त्यामुळे चौकात 'जर्मनी दौरा यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा जानरावांचा भला मोठा फ्लेक्स लागला तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. खाली 'शुभेच्छुक मित्रमंडळ' होतं, आणि मंडळाची वर्गणी एकट्या जानरावांची. मग सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, शाळेत भाषण झालं. बोलू दे, गोदाबाईंना वाटे. बोलण्यानं कोणाचं काय जातं.

कोणाचं काय जातं ते या उन्हाळ्यात कळलं.

गोदाबाईंची धाकटी बहीण पार्बताबाई अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकते. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलीला, रागिणीला, तिनं भाजीच्या पाट्यांमागे बसवून शिकवलं आणि नर्स केलं. रागिणी दवाखान्याची ड्यूटी सांभाळून जर्मन भाषा शिकली, परीक्षा पास झाली आणि तिला दवाखान्यात नोकरी मिळाली ती नेमकी फ्रँकफर्टला. येणार की नाही ते दोन दिवसांत कळवायचं होतं. पार्बताबाईला एकच दिसत होतं. पोरगी एवढ्या दूर, एकटी, काही झालं तर कोण आहे? तिनं रागिणीला सांगितलं, तुझे काका तिथं जाऊन आलेले आहेत. ते हो म्हणाले तर जा, नाही म्हणाले तर विषय संपला. रागिणी कबूल झाली. न होऊन करते काय?

रविवारी मायलेकी येणार म्हटल्यावर गोदाबाईंनी सकाळीच नवऱ्याला बजावलं, की पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, उगाच काही बोलू नका. जानरावांनी मान हलवली. मनात कपट असलेला माणूस नव्हे तो. कपटी माणसालासुद्धा थोडी अक्कल लागते. पण 'मले मालूम नाई' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून आजवर निघालेलं नव्हतं, आणि समोर दोन बाया हात जोडून बसलेल्या असताना तर ते निघणं शक्यच नव्हतं.

पार्बताबाईनं नुसतं विचारलं, भाऊजी, कसं आहे तिथं? झालं. बँका झाल्या, पाव झाला, नदीचा नाला झाला. जानरावांना रंग चढला. पार्बताबाईच्या डोळ्यांत भीती दिसली तशी ती त्यांना दाद वाटली आणि ते आणखी पुढे गेले. एकट्या पोरीनं रस्त्यानं चालायची सोय नाही म्हणाले. हरवलं माणूस तर सापडत नाही म्हणाले.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं," ते शेवटी म्हणाले. "पोरीले नाई पाठवाचं."

पार्बताबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिला सुटल्यासारखं झालं होतं. रागिणी फरशीकडे पाहत होती आणि तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. फलाटावरून दुसरी गाडी निघून गेली तेव्हा आपला चेहरा असाच झाला असेल, असं गोदाबाईंना वाटलं. त्यांनी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"यायनं काई पाह्यलं नाई," त्या बहिणीला म्हणाल्या. "हे विमानतळाच्या बाहेर गेलेच नाई."

जानराव हसले. काहीही बोलते, म्हणाले. पण ते हसू गालावरून उतरायला लागलं होतं.

"म्या पाह्यलं," गोदाबाई म्हणाल्या. "हे झोपले होते. मी एकटी गेली होती, गाडीनं."

आपण दोन वर्षं ज्या शहराची निंदा केली तिथं आपली बायको जाऊन आली, याचा अर्थ जानरावांच्या डोक्यात सावकाश शिरत होता, आणि जसजसा शिरत होता तसा त्यांचा चेहरा लाल होत होता.

"मले न सांगता?"

"सांगतलं असतं त जाऊ देलं असतं?"

"आन् हरवली असतीस त?"

"हरवलीच होती," गोदाबाई म्हणाल्या. "विचारत विचारत आली वापस."

त्यांनी जानरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पार्बताबाईच्या समोर खाली बसल्या आणि तिचे हात हातात घेतले. "हे पाह्य पार्बता. शहर काई लय भारी नाई. थंडी हाय, लोकं कोरडे हायेत, नशा करून रस्त्यावर पडलेले बी हायेत. पन दुपारभर मी एकटी हिंडली आन् कोनी मले इचारलं नाई का कोनाची कोन, कुठं चालली. अमरावतीत इतके वर्षं झाले, मी अशी एक दिवस हिंडली नाई. जाऊ दे तिले."

पार्बताबाईनं रागिणीकडे पाहिलं आणि मान हलवली. रागिणीनं तिथंच फोन काढला आणि आईचं मन पालटायच्या आत हो कळवून टाकलं. कळवून झाल्यावर ती रडायला लागली.

नंतर प्रश्न सुरू झाले. तांदूळ मिळतो का, थंडी म्हणजे नेमकी किती, ती म्हातारी कशी होती, लुगड्यावर बूट घालून गेलीस तर कोणी हसलं नाही का. गोदाबाई सांगत होत्या आणि दोघी ऐकत होत्या. जानरावांनी दोन वेळा घसा खाकरून, त्या बँका आहेत ना, अशी सुरुवात करून पाहिली, पण कोणी मान वळवली नाही. शेवटी ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले. रविवारी बंद असलेल्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

"भाऊजी कुठं गेले वं?" पार्बताबाईनं विचारलं.

"जातीन कुठं," गोदाबाई म्हणाल्या. "दूर नाई जात थे." आणि त्या पुन्हा पुलावर किती वारा होता ते सांगायला लागल्या.